नियमपुस्तिकेतला नेपोलियन

लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' (१७५९–१७६७) ह्या कादंबरीतील टोबीकाकाची अडचण मुळात भाषेची आहे. १६९५ सालच्या नामूरच्या वेढ्यात त्याच्या जांघेला जखम झाली. अंथरुणाला खिळलेल्या टोबीला भेटायला येणारे लोक साहजिकच विचारतात, की जखम नेमकी कोठे उभे असताना आणि कशी झाली. आणि तो सांगू लागला, की खंदक, बुरूज, तट आणि उतार ह्यांच्या पारिभाषिक नावांत स्वतः हरवतो व ऐकणाऱ्यालाही हरवतो. शब्दांनी घटना सांगता येत नाही, म्हणून तो नामूरचा नकाशा मागवतो. नकाशाही पुरेनासा होतो, तेव्हा कॉर्पोरल ट्रिमच्या मदतीने हिरवळीवर तटबंदीच्या लहान प्रतिकृती उभारतो. मार्लबरोच्या फौजेने तिकडे ज्या शहराला वेढा घातला, त्या शहराला इकडे हिरवळीवर वेढा पडतो. तिकडे तट पडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की इकडचा तट पाडायचा. १७१३ मध्ये उट्रेख्टचा तह झाला आणि टोबीकाकाचा उद्योगच बसला.

वाङ्मयाच्या वर्गात हा भाग विनोदी व्यक्तिचित्रणाचा नमुना म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टोबीच्या हिरवळीवर तट होते, तोफा होत्या, प्रमाणबद्धता होती; नव्हते ते फक्त नियम. त्यांची गरजही नव्हती, कारण निकाल वर्तमानपत्र देत होते. जे घडले ते दाखवायचे असेल तर प्रतिकृती पुरते. जे घडले नाही पण घडू शकले असते, त्याचा विचार करायचा असेल तर मात्र निकाल खुला ठेवावा लागतो. आणि खुला निकाल कोणाच्या लहरीवर सोडायचा नसेल तर नियम लिहावे लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे नियम आहेत: नेपोलियनकालीन लढाया शिशाच्या वा प्लॅस्टिकच्या बोटभर सैनिकांनी टेबलावर खेळण्याचे नियम. आमच्या मते ते इतिहासलेखनाचाच एक प्रकार आहेत. प्रत्येक नियम हे भूतकाळाविषयीचे एक विधान असते, मात्र ते विधानासारखे दिसत नाही, आणि म्हणून त्याच्याशी सहसा कोणी वाद घालत नाही.

ह्या खेळांचे मूळ बुद्धिबळात आहे हे आपल्या वाचकांना मौजेचे वाटेल. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे; आपल्याकडून इराणमार्गे हा खेळ युरोपात गेला आणि वाटेत त्यातले युद्ध विरळ होत होत निव्वळ गणित उरले. ते युद्ध परत आणण्याचा प्रयत्न ब्राउनश्वाइग येथील गणिताचे अध्यापक योहान हेल्विग ह्यांनी १७८० मध्ये केला. त्यांच्या पटावर सोळाशेहून अधिक घरे होती, आणि घराच्या रंगावरून ते डोंगराचे, पाण्याचे की सपाट जमिनीचे हे ठरत असे. १७९७ मध्ये वेंटुरिनी ह्यांनी तो पट ३,६०० घरांपर्यंत वाढवला. पण घरे कितीही वाढवली तरी चौकोन तो चौकोनच. नदी काटकोनात वळत नाही, आणि प्याद्याने मारले की उंट मरतोच, तशी लढाईत खात्री नसते.

पट मोडला तो प्रशियातील राइसविट्स पितापुत्रांनी. वडील नागरी सेवेतले. १८१२ मध्ये त्यांनी राजा तिसऱ्या फ्रीडरिख विल्हेल्मला एक भले मोठे टेबल सादर केले. त्यावर घरे नव्हती. टेकड्या, रस्ते, गावे असलेले, हवे तसे जुळवता येणारे तुकडे होते. ते राजवाड्यात शोभून दिसले. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता, आणि त्याला शोभेपेक्षा उपयोगात रस होता. १८२४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या 'क्रीग्सश्पील'मध्ये, म्हणजे युद्धखेळात, टेबलाऐवजी १:८००० प्रमाणाचा नकाशा आला आणि तांबड्या व निळ्या ठोकळ्यांची सैन्ये आली. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. गोळीबाराचे परिणाम ठरवायला फासे होते, आणि फाशांमागे शार्नहोर्स्टने घेतलेल्या बंदुकांच्या व तोफांच्या चाचण्यांवरून बेतलेली कोष्टके होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये एक पंच होता. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. पंच त्यांना शत्रूचे तेवढेच ठोकळे दाखवणार, जेवढे त्या जागेवरून खरोखर दिसले असते.

बुद्धिबळापासूनची ही फारकत आम्हांला मूलभूत वाटते. बुद्धिबळात दोघांनाही सारे दिसते, आणि चाल म्हणजेच कृती. राइसविट्सच्या खेळात चाल ही केवळ इच्छा आहे; तिची कृती होईपर्यंत मध्ये अंतर, निरोप्या, धूर आणि दैव उभे आहे. क्लाउझेविट्स त्याच सुमारास बर्लिनमध्ये ज्या ग्रंथावर काम करीत होता (तो त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ पासून प्रसिद्ध झाला), त्यात युद्धातील ह्या अडखळण्याला त्याने घर्षण म्हटले आहे, आणि मानवी व्यवहारांपैकी युद्धाचे सर्वांत जवळचे नाते पत्त्यांच्या खेळाशी लावले आहे.

धाकट्या राइसविट्सने आपला खेळ प्रशियन सेनामुख्यालयाचे प्रमुख म्युफ्लिंग ह्यांना करून दाखवला. आरंभी त्यांचा सूर थंड होता, असे सांगतात; डाव पुढे सरकला तसे ते खुलत गेले, आणि शेवटी हा खेळ नव्हेच, ही तर युद्धाची शाळा आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. ह्याच म्युफ्लिंगनी १८१५ मध्ये वॉटर्लूच्या वेळी वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून काम केले होते. हुकूम, निरोप आणि उशीर ह्यांचा अर्थ त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या शिफारशीने खेळ सैन्यात पसरला. राइसविट्सच्या वाट्याला मात्र सहकाऱ्यांचा मत्सर आला. त्याची बदली टोरगाऊला झाली, ती त्याला हद्दपारीसारखी वाटली, आणि १८२७ मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली.

पुढील पन्नास वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कोष्टके वाढत गेली, पंच आकडेमोडीत बुडाले, आणि अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नवा ह्या सेनानीने ती गुंडाळून ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकावर निकाल सोपवण्याचा पुरस्कार केला. नियम की विवेक, हा वाद तेव्हापासून चालू आहे. आपल्याकडे काव्यशास्त्रात लक्षणे आणि सहृदयता ह्यांच्यात जे घडले त्याची येथे आठवण येते, पण ती तुलना फार ताणू नये. दरम्यान १८७०–७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला आणि ह्या खेळाकडे इतर देशांचे लक्ष गेले. १८७२ मध्ये इंग्रजीत आलेली नियमावली कॅप्टन एव्हलिन बेअरिंग ह्याने तयार केली होती. त्याच वर्षी तो व्हाइसरॉय नॉर्थब्रूकचा खाजगी सचिव म्हणून हिंदुस्थानात आला, आणि पुढे लॉर्ड क्रोमर म्हणून त्याने इजिप्तवर सत्ता गाजवली. नियम लिहिण्याची आवड अशीही फळते.

सैन्याच्या कचेरीतून हा खेळ घरात आला तो लेखकांच्या हातून, आणि वाङ्मयेतिहासाने ह्याची नोंद तळटीपेपुरतीच घेतली आहे. जून १८२६ मध्ये, म्हणजे राइसविट्सच्या नियमांनंतर दोनच वर्षांनी, हॉवर्थच्या धर्मगुरूंनी मुलासाठी लाकडी सैनिकांची पेटी आणली. चारही भावंडांनी एकेक सैनिक निवडला. शार्लट ब्राँटेने आपल्या सैनिकाला वेलिंग्टन म्हटले, ब्रॅनवेलने बोनापार्ट. नेपोलियनला जाऊन पाचच वर्षे झाली होती. ह्या डझनभर बाहुल्यांतून भावंडांची काल्पनिक राज्ये उभी राहिली, आणि त्या राज्यांच्या बखरींतून त्यांनी गद्य लिहिण्याचा सराव केला. स्टीव्हन्सनने १८८१–८२ च्या हिवाळ्यात दावोस येथे सावत्र मुलाबरोबर शिशाच्या सैनिकांच्या दीर्घ मोहिमा खेळल्या, आणि त्या मोहिमांच्या बातम्या देणारी काल्पनिक वृत्तपत्रेही लिहिली. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला प्रथमच सर्वांना परवडेल अशी नियमावली दिली. त्याच्या खेळात तोफेच्या माऱ्यासाठी फासे नाहीत. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर नेम धरून सैनिक पाडायचे. पुस्तकाच्या शेवटी वेल्स असा युक्तिवाद करतो, की हा खेळ तीनचार वेळा खेळणाऱ्याला खरे महायुद्ध किती बेंगरूळ असेल ते कळून चुकते. पुढच्याच वर्षी ते महायुद्ध आले.

आज जगभर जे हौशी युद्धखेळ खेळले जातात त्यांची बैठक दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. डोनाल्ड फेदरस्टोनचे 'वॉर गेम्स' (१९६२), चार्ल्स ग्रांटचे 'नेपोलिऑनिक वॉरगेमिंग' (१९७४), ब्रूस क्वारीचे 'नेपोलियन्स कँपेन्स इन मिनिएचर' (१९७७), आणि अलीकडच्या काळात रिक प्रीस्टली व जर्व्हिस जॉन्सन ह्यांचे 'ब्लॅक पावडर' (२००९) हे त्यातले काही टप्पे. नेपोलियनच्याच काळाला एवढी पसंती का, ह्याचे उत्तर रंगीत गणवेशांत आहे असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. पायदळ, घोडदळ आणि तोफखाना ही तिन्ही अंगे एकमेकांना पुरून उरतात पण कोणीच अजिंक्य नाही, अशी स्थिती ह्या काळात होती, आणि नियमकाराला नेमके हेच हवे असते.

सहाशे जणांची एक पलटण घ्या. फ्रेंच पद्धतीने तीन रांगांत पसरली तर दोनशे माणसांची रुंदी होते. इंग्रज पद्धतीने दोन रांगांत पसरली तर तीनशे माणसांची रुंदी होते, आणि सहाशेच्या सहाशे बंदुका समोर झाडता येतात. तीच पलटण दोन कंपन्यांची रुंदी ठेवून एकामागे एक रचली, म्हणजे कॉलम केला, तर रुंदी सत्तरच्या आत येते, खोली नऊ रांगांची होते आणि गोळी झाडू शकणाऱ्या बंदुका उरतात जेमतेम एकशेतीस. मग कॉलम करायचाच कशाला? तर लांब रांग शेतातून, बांधावरून चालू लागली की तुटते, वाकते. जाड ठोकळा वेगाने आणि एकत्र जातो, आणि माणसाला पाठीमागे माणूस असल्याचा धीर वाटतो. घोडदळ आले की चारी बाजूंना संगिनी रोखलेला चौकोन करायचा, कारण घोडा संगिनींच्या भिंतीवर जात नाही. पण तोच चौकोन तोफेपुढे गर्दीसारखा उभा असतो. वॉटर्लूला नेच्या घोडदळाने पुन्हापुन्हा धावे केले. इंग्रजांचा एकही चौकोन फुटला नाही. २३ जुलै १८१२ रोजी स्पेनमध्ये गार्सिया एर्नांदेसला मात्र फ्रेंचांचा चौकोन फुटला, कारण गोळी लागलेला एक घोडा मरता मरता संगिनींवरच कोसळला आणि त्या खिंडारातून बाकीचे आत शिरले. नियमकाराने ह्या घोड्याचे काय करावे? त्याला फाशांत जागा द्यावी लागते. तीही किती, हा प्रश्न राहतोच.

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. आमच्याकडे शिशाचे सैनिक नव्हते. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून आम्ही पलटणी केल्या, लुडोतले फासे घेतले, शिंप्याची टेप घेतली आणि 'ब्लॅक पावडर'च्या पद्धतीने डाव मांडले. आम्ही शिकलो ते कोष्टकांपेक्षा प्रमाणांविषयी. एक बाहुली म्हणजे वीस, तेहतीस किंवा पन्नास माणसे, असे बहुतेक नियम सांगतात. जमिनीचे प्रमाण मात्र निराळे. एक मिलिमीटरला एक मीटर धरला तर २८ मिलिमीटरची बाहुली ही अठ्ठावीस मीटर उंचीचा राक्षस ठरते, आणि तिच्याशेजारचे शेतघर एका गावाएवढी जागा अडवते. काळाचे प्रमाण त्याहून लवचीक. हे तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळणारही नाहीत. खेळाडू ते विसरतो म्हणून खेळ होतो. रंगभूमीवर दोन पावलांत प्रवास उरकणाऱ्या नटाला आपण जशी मुभा देतो, तशीच ही मुभा आहे.

ह्या नियमांत आम्हांला सर्वाधिक रस वाटला तो हुकमाच्या नियमात. फासे टाकण्यापूर्वी हुकूम मोठ्याने उच्चारायचा असतो. मग दोन फासे टाकायचे. सेनापतीची पात्रता सहसा आठ धरलेली असते. बेरीज आठ किंवा त्याहून कमी आली तर हुकूम पोहोचला. छत्तीसपैकी सव्वीस शक्यता ह्या बाजूच्या, म्हणजे दर चारांतला एकाहून अधिक हुकूम वाया जातो. बेरीज जितकी कमी तितक्या अधिक चाली, जास्तीत जास्त तीन. दोन्ही फाशांवर सहा पडले तर घोटाळा, आणि तुकडी भलतीकडेच निघते. हुकूम उच्चारल्यावर बदलता येत नाही, हे ह्यातले मर्म. मराठीत हुकूम देऊ लागलो तेव्हा आम्हांला आपल्याच भाषेतल्या जागा दिसू लागल्या. 'पहिली पलटण टेकडीपर्यंत जाईल.' ह्यात टेकडी धरली की वगळली? 'गावाकडे सरका' म्हणजे गावाच्या दिशेने किती? 'पर्यंत' आणि 'कडे' ह्या शब्दयोगी अव्ययांवर आमचा एक संपूर्ण डाव खर्ची पडला. व्याकरणाच्या तासाला ही अव्यये आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो, पण त्यांच्यावर माणसे मरत असतील असा विचार मनात कधी आला नव्हता.

आणि खरोखरच मेली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या दुआबात, असईची लढाई झाली. नेपोलियनकालीन नियमांनी खेळल्या जाणाऱ्या लढायांत ती येते, कारण तेथे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता, पुढचा वेलिंग्टन. आपली सर्वांत सरस लढाई कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे तर असईचे नाव घेतले, असे सांगतात. त्या दिवशी उजव्या बगलेच्या तुकडीचा प्रमुख ऑरॉक ह्याला वेलस्लीने समक्ष सूचना दिली होती: उजवीकडे सरकून मागच्या रांगेला जागा करून द्यायची, पण असई गावाच्या तोफांच्या माऱ्यात जायचे नाही. ऑरॉक गावाच्या रोखाने चालतच राहिला, आणि त्याच्यामागे ७४ वी हायलँडर पलटणही गेली. तिची तेथे चाळण झाली. प्रत्यक्षातला हा दोन सहांचा फासा.

टॉलस्टॉयने 'युद्ध आणि शांती'त बोरोदिनोच्या लढाईविषयी हाच मुद्दा टोकाला नेला आहे: नेपोलियनने दिलेल्या हुकमांपैकी एकही पाळला गेला नाही, जाणे शक्यही नव्हते, असे तो एकेक कलम घेऊन दाखवतो, आणि सेनापती नावाची वस्तूच मोडीत काढतो. टॉलस्टॉयच्या नियमांनी खेळ मांडला तर खेळाडूला करण्यासारखे काही उरणार नाही. बुद्धिबळाच्या नियमांनी मांडला तर माणसांना करण्यासारखे काही उरणार नाही. ह्या दोहोंच्या मध्ये फाशांची जागा कोठे ठेवायची, ह्यावरच नियमावल्या एकमेकींपासून वेगळ्या होतात, आणि तो निर्णय गणिताचा नसून इतिहासदृष्टीचा आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. १८०६ मध्ये इटलीतील मायदा येथे इंग्रजांनी फ्रेंचांना हरवले. थोर इतिहासकार चार्ल्स ओमान ह्यांनी ह्या लढाईवरून सिद्धान्त मांडला, की फ्रेंच कॉलममध्ये आले, इंग्रजांच्या पातळ रांगेच्या बंदुका अधिक होत्या, म्हणून गणितानेच फ्रेंच हरले. वर आम्ही दिलेला सहाशे विरुद्ध एकशेतीसचा हिशेब तो हाच. पुढे पुरावे पुढे आले, की मायदाला फ्रेंचही बहुतांशी रांगेतच लढले होते. ओमान ह्यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात ती दुरुस्ती मान्यही केली. पण सिद्धान्ताला तोवर पाय फुटले होते. नियमकारांना तो फार सोयीचा होता, कारण तो मोजता येतो. इंग्रज आधी आडोशाला राहत, अगदी जवळून एकदोन फैरी झाडत आणि मग आरोळी ठोकून संगिनींनी धावत; फ्रेंचांनाही धडकण्यापूर्वी पसरायचे असे, पण वेळ मिळत नसे, हे नंतरच्या अभ्यासकांचे म्हणणे कोष्टकात बसवायला कितीतरी अवघड आहे. कोष्टकात जे बसते ते इतिहासात टिकते, अशी ही उलटी गंगा.

राष्ट्रस्वभावाचे गुण हा त्याच कोष्टकाचा दुसरा अवतार. १९७० च्या दशकातल्या नियमावल्यांत सैनिकांना देशवार व दर्जावार धैर्याचे आणि नेमबाजीचे आकडे दिलेले असत. नियमकार प्रायः इंग्रज किंवा अमेरिकन, आणि त्यांच्यासमोरची साधने प्रायः इंग्रजांच्या आठवणी. त्यामुळे कोणाच्या वाट्याला कोणता आकडा येई हे सांगायला नको. असईसाठी आम्ही कागद कापू लागलो तेव्हा हा प्रश्न आमच्या टेबलावर आला: शिंद्यांच्या कंपूंना किती गुण द्यायचे? नुसती 'मराठा फौज' म्हटली, की अनियमित घोडदळाचा एक थवा आणि कमी आकडा, ही सोपी वाट. पण असईला शिंद्यांचे दहा हजारांवर कवायती पायदळ होते. हॅनोव्हरचा पोलमान त्यांचा सेनानायक. वेलस्लीने बगलेवर येऊन नदी ओलांडली तेव्हा ह्या पलटणींनी आपली संपूर्ण आघाडी काटकोनात फिरवून पुन्हा नीट रांग धरली, आणि हे इतक्या सफाईने केले, की वेलस्लीला ते अपेक्षित नव्हते. ज्याने कवायतीच्या मैदानावर पन्नास मुले वळवली आहेत त्याला ह्या कामाची किंमत कळेल. रँडॉल्फ कूपर ह्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा युक्तिवाद आहे, की मराठ्यांचा तोफखाना आणि पायदळ तंत्रात मागासलेले नव्हतेच. इंग्रजांनी युद्ध जिंकले ते हिंदुस्थानातील लष्करी बाजारपेठ पैशाने ताब्यात घेऊन, शिंद्यांच्या चाकरीतले युरोपीय अधिकारी फोडून. हे मान्य केले तर टेबलावर मराठा पलटणीचा आकडा इंग्रज पलटणीच्या बरोबरीने जातो, आणि अधिकारी फुटण्यासाठी निराळा नियम करावा लागतो. न केला तर आपण नकळत इंग्रजांच्या खलित्यांनाच फासे जोडून दिले, असे होते.

खेळाडूच्या दृष्टीचा प्रश्नही येथे उभा राहतो. वेलस्लीच्या वाटाड्यांनी केळणेला जवळपास उतार नाही असे सांगितले. त्याने नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे पाहिली आणि ताडले, की एवढी जवळ दोन गावे असतील तर मध्ये उतार असलाच पाहिजे. तो होताही. टेबलावर मात्र उतार निळ्या पट्टीवर आधीच रंगवलेला असतो. वेलस्लीची त्या दिवसाची सर्वांत मोठी कृती ही एक अनुमान होती, आणि तिला खेळात स्थानच नाही. राइसविट्सचा पंच येथे हवा होता. हौशी खेळाने सोय म्हणून त्याला घरी पाठवले, त्याची ही किंमत.

आणखी बरेच काही टेबलाच्या कडेबाहेर राहते. दख्खनच्या मोहिमेतली वेलस्लीची पत्रे चाळावीत; त्यांत बैल, तांदूळ आणि बंजाऱ्यांचे तांडे ह्यांचा विषय पुन्हापुन्हा येतो. टेबलावर बैल नसतात. ह्याला एक लक्षणीय अपवाद गी दबोर ह्या फ्रेंच विचारवंताच्या युद्धखेळाचा. पाचशे घरांच्या त्याच्या पटावर प्रत्येक सोंगटी आपल्या ठाण्याशी अदृश्य रेषेने जोडलेली असावी लागते. रेषा तुटली की सोंगटी लुळी पडते. १९७७ मध्ये ह्या खेळाच्या काही प्रती तयार झाल्या, आणि १९८७ मध्ये अ‍ॅलिस बेकर-हो हिच्यासह त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. दृश्यांच्या समाजावर टीका करणाऱ्या माणसाने न दिसणाऱ्या रेषांचा खेळ करावा, ह्यात विसंगती नाही. पण दबोरचा पट कोणत्याच खऱ्या जमिनीचा नाही, आणि त्यात फासेही नाहीत. त्यामुळे गार्सिया एर्नांदेसचा घोडा तेथेही येत नाही.

असईच्या डावात आमचे घोडे अडले ते तोफांवर. शत्रूने तोफांवर धडक मारून त्या ताब्यात घेतल्या की गोलंदाजांसकट ती सोंगटी उचलून बाजूला ठेवायची, असा अशा खेळांत सामान्य शिरस्ता असतो. त्या दिवशी इंग्रजांची रांग शिंद्यांच्या तोफांवरून पुढे गेली तेव्हा बरेच गोलंदाज गाड्यांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले होते. रांग पुढे गेल्यावर ते उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत त्याच्या फौजेतले दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले होते, म्हणजे लढायला उतरलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक. सोंगटी उचलण्याच्या नियमाने ही घटना नुसती अवघड होत नाही, अशक्य होते. म्हणून आम्ही पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने एक जादा नियम लिहिला: तोफ हातची गेली तरी तिचा कागद टेबलावरच पालथा ठेवावा, शत्रू एक टेपभर पुढे गेला की दोन फासे टाकावेत, सात किंवा त्याहून कमी आले तर कागद पुन्हा उलटावा. सात का, आठ का नाही, ह्यावर आमच्या तिघांचे अजून एकमत झालेले नाही.